सुधारित आवृत्ती

पुण्यात स्कूटर रस्त्यात बंद पडली की तो मालकाचा खासगी प्रश्न राहत नसे. मालक गाडी कडेला घेऊन दोन किका मारतो न मारतो तोच कोणीतरी सायकल थांबवून पाय टेकायचं. "चोक दिलाय का?" हा पहिला प्रश्न. "पेट्रोल आहे ना?" हा दुसरा, आणि त्यात मालकाच्या एकूण वकुबाबद्दलच शंका. तिसरा इसम विचारत बसायचा नाही. तो खाली वाकून कॉक रिझर्व्हला फिरवून मोकळा व्हायचा. मग यायचा खरा जाणकार. तो आधी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगायचा, हँडल हातात घेऊन गाडी एका अंगावर चांगली कलती करायचा, मनाशी काही आकडे मोजल्यासारखा थांबायचा, ती सरळ करायचा आणि म्हणायचा, "हं, मारा आता."

आणि निम्म्या वेळा ती चालू व्हायची! कलती केल्यानं आत नेमकं काय होतं यावर एकमत नव्हतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरतं, असा एक पक्ष. अडकलेला कचरा हलतो, असा दुसरा. त्या स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला टांगलेलं असायचं, त्यामुळे गाडी मुळातच किंचित तिरक्या स्वभावाची. तिला जरा झुकवून बोललं की ती ऐकते, अशी माझ्या वडिलांची तिसरी उपपत्ती होती. गाडी चालू झाली की जमलेल्यांपैकी प्रत्येक जण ती आपल्यामुळे चालू झाली असं समजून आपापल्या वाटेनं जायचा. मालक सोडून सगळे खूश.

बाबांची चेतक होती. 1972 साली हे नाव आलं, राणाप्रतापाच्या घोड्यावरून. ज्यानं ते ठेवलं त्याला स्कूटरची नस सापडली होती, कारण घोड्याला असतात तशा तिला खोडी असत. इंजिन तापलेलं असताना ती लगेच चालू व्हायची नाही, म्हणून मंडईतली भाजी घेऊन झाली की बाबा मुद्दाम एक चहा घेत. आई म्हणायची, गाडीचं निमित्त आहे. तिसरा गिअर अधूनमधून सुटायचा, तेव्हा तो टाकल्यावर डावी मूठ जरा आवळून धरायची. पहिल्या पावसात प्लग भिजणार हे गृहीत. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मग गाडी मिळायची, त्यामुळे खोडींबद्दल तक्रार करायची पद्धत नव्हती. त्या समजून घ्यायच्या. कोणी दोन तासांसाठी स्कूटर मागायला आलं तर बाबा किल्लीबरोबर पाच मिनिटांचं व्याख्यान देत आणि शेवटी विचारत, "काय सांगितलं मी?" उत्तर बरोबर आलं तरच किल्ली.

माझी पहिली गाडी कायनेटिक होंडा. 1984 साली फिरोदियांनी ती आणली आणि या शहरातल्या मुलींचं फारच कल्याण झालं. गिअर नाहीत, बटण दाबलं की चालू. साडी नेसून किक मारण्याचा प्रसंग टळला, निदान तत्त्वतः. कारण माझ्या गाडीचं बटण थंडीच्या सकाळी काम करत नसे आणि किक मारावीच लागे. पण ते मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे बहुधा गाडीलाही ठाऊक होतं. त्यापलीकडे काही बिघडलं तर कोपऱ्यावरचे मिस्त्री. ते आधी गाडीचं ऐकून घेत. माझं नव्हे, गाडीचं. एक्सलेटर एकदोनदा पिळून, मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत. मग झाकण काढून, प्लगपान्यानं प्लग सोडवून, तो तेलकट काळा तुकडा तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरत. "हे बघा ताई. केवढा कार्बन." मी बघायची. त्यातलं मला काही कळत होतं असं नाही, पण दोष डोळ्यांना दिसला, त्याला आकार होता, वास होता, तो काचपेपरनं घासून निघत होता. घरी जाऊन "प्लगला कार्बन धरला होता" असं चारचौघांत सांगता येत होतं.

आता माझ्याकडे विजेवरची स्कूटर आहे. कोणाची, ते सांगत नाही. गाडीत इंटरनेट आहे आणि ती काय काय ऐकते याची मला खात्री नाही. बेंगळुरूच्या एथरनं 2018 साली मोबाइलपेक्षा मोठा टचस्क्रीन असलेली, घरबसल्या सॉफ्टवेअर बदलून मिळणारी स्कूटर विकायला काढली, पाठोपाठ बाकीचेही आले, आणि आमची चेतकसुद्धा 2020 मध्ये वीज पिऊन परत आली. पेट्रोलवाल्यांनी हसू नये. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा लागू झालं तेव्हा त्यांच्याही स्कूटरचा कार्ब्युरेटर गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक छोटा संगणक आला. त्यांच्या गाड्या कलत्या करण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. फरक एवढाच की त्यांचा संगणक सहसा सर्व्हिस सेंटरमध्ये वायर लावून शहाणा केला जातो. माझा रात्री, पार्किंगमध्ये, मी झोपलेली असताना.

सकाळी पडद्यावर संदेश असतो. नवी आवृत्ती बसवली आहे; किरकोळ दोष दूर केले असून कार्यक्षमता सुधारली आहे. कोणते दोष? माझ्या गाडीत काय दोष होते हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत मी एका दोषपूर्ण गाडीवरून आनंदानं फिरत होते आणि तो दोष भेटायच्या आतच दूर झाला. ही बातमी चांगली की वाईट, हे दुधाची पिशवी फोडेपर्यंत माझं ठरत नाही.

एकदा असं झालं की एक्सलेटर सोडल्यावर गाडी जेवढी हळू व्हायची त्यापेक्षा एकदम जास्त हळू व्हायला लागली. एक्सलेटर सोडला की मोटर उलट काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरते आणि त्यानंच गाडीला अटकाव होतो. तो अटकाव किती असावा हे सॉफ्टवेअर ठरवतं. कोणीतरी तो वाढवला होता. बॅटरीच्या दृष्टीनं उत्तम. माझ्या मागे बसणाऱ्या नवऱ्याच्या दृष्टीनं प्रत्येक सिग्नलला त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटत होतं. अलका टॉकीज चौकापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "तू रागावली आहेस का?" मी रागावलेली नव्हते. गाडी सुधारली होती.

आता यात चूक कुणाची? तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडलेलं नव्हतं. पण माझ्या मनगटाला एक हिशोब पाठ होता, कुठे सोडलं की कुठे थांबेल, आणि तो रातोरात रद्द झाला. बाबांच्या चेतकला वीस खोडी होत्या, पण त्या वीसच्या वीस दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर असत.

हे झालं सुधारणेचं. बिघाडाचं वेगळं. गेल्या आषाढ अमावास्येला मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून बांगडे आणले. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे त्या दिवशीच्या खरेदीला एक निकड असते आणि ती बाजारभर जाणवते. पिशवी डिकीत ठेवली, घरी आले, तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि डिकी उघडायला पडद्यावरचं चित्र दाबलं. या गाडीला डिकीसाठी किल्लीचं भोक नाही. भोक असणं मागासलेपणाचं लक्षण आहे. पडद्यावर अक्षरं आली: डिकी उघडी आहे.

डिकी बंद होती. मी वरून दाबून पाहिली, खालून बोटं घालून पाहिली. पुन्हा चित्र दाबलं. डिकी उघडी आहे. आणि जी उघडी आहे ती आणखी उघडायचा प्रश्नच येत नाही, हा तिचा मुद्दा तर्काला धरूनच होता.

तळघरात मोबाइलला रेंज नाही, आणि गाडीलाही नाही. रॅम्पवरून ती वर चढवायला तिसऱ्या मजल्यावरचे काका, वॉचमन आणि कुरिअर घेऊन आलेला एक मुलगा असे तिघे लागले, कारण डिकी उघडी असल्यामुळे गाडी स्वतः चालायला तयार नव्हती. वर वॉचमनच्या खोलीशेजारी ती उभी केली आणि मी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता.

"ॲपवरून उघडून बघितलंत का, मॅम?"

"बघितलं. ॲपही म्हणतंय डिकी उघडी आहे."

"मग उघडी असेल, मॅम."

"मी तिच्यासमोर उभी आहे. बंद आहे."

"सिस्टिममध्ये उघडीच दिसतेय, मॅम. यावर अपडेट आलेलं आहे. तुम्ही ते करून घेता का? फक्त अपडेट करताना डिकी बंद असावी लागते."

मी पडद्यावर पाहिलं. तिथेही तेच होतं: अपडेट सुरू करण्यासाठी कृपया डिकी बंद करा. एवढ्यात तिनं विचारलं, डिकीत काही मौल्यवान वस्तू आहे का, म्हणजे तशी नोंद करता येईल.

"बांगडे आहेत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "मी 'इतर' मध्ये टाकते, मॅम." तक्रार नोंदवली गेली. 48 तासांत संपर्क साधला जाणार होता. 48 तासांनी श्रावणाचा दुसरा दिवस उजाडून मावळायला आलेला असणार होता.

एव्हाना खाली बरीच मंडळी जमली होती, आणि तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की त्यांना काही सुचत नाहीये. एरवी आमच्या सोसायटीत सल्ल्याची टंचाई नाही. लिफ्ट बंद पडली तर निवृत्त अभियंते पाच निघतात. पण चोक नाही, कॉक नाही, प्लग नाही, किक नाही. चार शहाणे लोक एका बंद डिकीभोवती हात मागे बांधून उभे. "बंद करून चालू करा" हा एकच सल्ला आजकाल उरलाय आणि तो लहान मुलंही देतात, त्यामुळे तो देण्यात काही प्रतिष्ठा नाही. काका मात्र जुन्या पठडीतले. त्यांच्याकडे पंचवीस वर्षं बजाज होती. त्यांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, हँडल धरलं आणि, मी काही म्हणायच्या आत, माझी स्कूटर एका अंगावर चांगली कलती केली.

दोनच मिनिटांत नाशिकहून माझ्या मुलीचा फोन. रडवेला आवाज. "आई, पडलीस का तू? कुठे लागलंय?"

गाडी पडली की आप्तांना संदेश जातो, अशी सोय मागच्याच कुठल्यातरी अपडेटमध्ये आलेली होती. ती सोय उत्तम चालत होती. मुलीची समजूत घालायला बराच वेळ गेला, कारण "मी पडले नाही, काकांनी गाडी कलती केली" या वाक्यावर तिच्या पिढीच्या माणसाचा विश्वास बसणं अवघड आहे. "पण का?" असं ती विचारत राहिली. काका शेजारी उभे राहून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला उत्तर देववेना.

रात्री आम्ही पिठलं खाल्लं. नवरा काही बोलला नाही, पण दोनदा खिडकीतून खाली पाहून आला. आषाढातली दमट हवा, आणि आमच्या इमारतीत चार घरं बारा महिने शाकाहारी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर साडेनऊच्या सुमारास एक सर्वसाधारण स्वरूपाचा प्रश्न आला: ड्रेनेजवाल्याला कोणी बोलावलंय का?

दोन वाजता इंटरकॉम वाजला. वॉचमन. "काकू, तुमच्या गाडीची डिकी आपोआप उघडली. मी हात नाही लावला, शपथ. मांजरं जमलीत."

मी खाली पोचले तेव्हा पिशवी फाटलेली होती आणि निकाल लागलेला होता. पडद्यावर संदेश होता: किरकोळ दोष दूर केले असून कार्यक्षमता सुधारली आहे.

माझा भाचा हिंजवडीत अशाच कामात आहे, स्कूटरच्या नव्हे, पण सॉफ्टवेअर तपासण्याच्या. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही, ही त्याची मला आवडणारी गोष्ट. तो म्हणाला, "मावशी, तुझ्या गाडीत संगणक एक नाही, बरेच आहेत. बॅटरीचा वेगळा, मोटरचा वेगळा, पडद्याचा वेगळा. ते एका वायरीवर एकमेकांशी बोलतात." या बोलण्याची रीत बॉश कंपनीनं 1986 साली मोटारींसाठी काढली, मैलभर तांब्याच्या वायरी वाचाव्यात म्हणून. आता डिकीला असतो एक छोटा स्विच. तो शून्य म्हणतो किंवा एक म्हणतो. शून्य म्हणजे उघडी की बंद, हे कोणीतरी ठरवायचं असतं. मधे पुरवठादार बदलला, नवा स्विच उलटा निघाला, तर तुझ्या गाडीत शून्य म्हणजे बंद आणि शेजारच्याच्या गाडीत शून्य म्हणजे उघडी, आणि दोन्ही गाड्या बाहेरून सारख्या. अपडेट लिहिणाऱ्याच्या टेबलावर शेजारच्याची गाडी असली की झालं. "असंच झालं असेल असं नाही," तो म्हणाला, "पण असं होतं."

मग रात्री दोनला काय झालं? तर म्हणे बऱ्याच ठिकाणी मेमरीचे दोन भाग ठेवतात. एकात चालू आवृत्ती, दुसऱ्यात जुनी. नवी बिघडली की कंपनी तिकडून हुकूम सोडते आणि गाडी मागच्या आवृत्तीवर परत जाते. तक्रारी वाढल्या असतील, त्यांनी मागे घेतलं असेल. हुकूम पोचायला मात्र गाडीला नेटवर्क लागतं. तळघरात राहिली असती तर पोचला नसता. म्हणजे काकांनी आणि कुरिअरवाल्यानं रॅम्पवरून ढकलली तेच उपयोगी पडलं. हे मी काकांना आवर्जून जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे चालू झाली?" मी म्हटलं, हो. त्यांनी जिना चढताना मागे वळून गाडीकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला ओळखीची होती.

मला खटकतं ते वेगळंच. बांगडे गेले, ठीक. पण तळहातावर ठेवून कोणी काही दाखवलं नाही. ज्यानं चूक केली तो कोण, ज्यानं ती रात्री जागून सुधारली तो कोण, दोघे एकच की वेगळे, कशाचा पत्ता नाही. बिचारा कुठेतरी बेंगळुरूत किंवा, कोण जाणे, भाच्याच्याच शेजारच्या इमारतीत तिसरा कॉफीचा कप पीत बसला असेल. त्याला मी दिसत नाही आणि मला तो. चूक दुरुस्त झाल्याची बातमीही मला त्याच ओळीत मिळाली ज्या ओळीत चूक होण्याची मिळाली होती. नवऱ्याला घरी विचारलं, कशानं झालं म्हणून काय सांगायचं लोकांना? तो म्हणाला, "सांग, शून्याचा एक झाला."

जगात हे सगळीकडेच चाललंय. अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये टेस्लानं जवळपास 22 लाख मोटारी परत बोलावल्या, कारण ब्रेकसारख्या इशाऱ्यांची पडद्यावरची अक्षरं नियमापेक्षा लहान होती. परत बोलावल्या म्हणजे कागदोपत्री. एकही गाडी अंगणातून हलली नाही, अक्षरं रातोरात मोठी झाली. हा या विद्येचा चांगला चेहरा. दुसरा चेहरा 2019 च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये आणि न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये दिसला. तिथे लाइम कंपनीच्या भाड्यानं मिळणाऱ्या, उभं राहून चालवायच्या छोट्या ई-स्कूटरी चालू असताना मधेच पुढचं चाक आवळून धरू लागल्या आणि माणसं पडून जखमी झाली. कंपनीनंच सांगितलं की दोष गाडीतल्या सॉफ्टवेअरचा आहे, पण क्वचितच डोकं वर काढतो: उतारावरून पूर्ण वेगानं जाताना खड्डा लागला तर. खड्डा हा अपवादात्मक प्रसंग, ही कल्पना वाचून मी पेपर जरा बाजूला ठेवला. ते सॉफ्टवेअर तपासायला एक दिवस आमच्याकडे, पावसाळ्यात, पाठवायला हवं होतं. दुपारच्या जेवणाच्या आत सगळे दोष बाहेर आले असते.

यावर कायदाही आहे. गाडीचं सॉफ्टवेअर कसं बदलावं यासाठी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम जानेवारी 2021 पासून अमलात आला. अपडेटआधी मालकाला सांगा, ते पूर्ण व्हायला पुरेशी वीज आहे का पाहा, मधेच फसलं तर गाडी जुन्या आवृत्तीवर नेता आली पाहिजे किंवा निदान सुरक्षित अवस्थेत ठेवता आली पाहिजे. वाचून बरं वाटलं. मग त्यातली गाड्यांची यादी वाचली. मोटारी आहेत, ट्रक आहेत, ट्रेलर आहेत, ट्रॅक्टरसुद्धा आहे. दुचाकी नाही. शेतात नांगरताना ट्रॅक्टर रुसला तर काय करायचं याचा विचार जिनिव्हात झालाय. मासळी बाजारातून परतणाऱ्या बाईचा व्हायचाय.

तरीही मी सगळ्या अपडेटांच्या नावानं बोटं मोडणार नाही. पौड फाट्याच्या उड्डाणपुलावर वाहतूक तुंबली की चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून आपोआप धरून ठेवायची सोय मला फुकट मिळाली, विकत घेतली तेव्हा ती नव्हती. कायनेटिक घेतल्यावर फिरोदियांनी वर्षभरानं घरी येऊन जादा काही बसवून दिलं असं कधी झालं नाही. भाच्याचं म्हणणं असं की चांगली अपडेटं लक्षातच राहत नाहीत, आणि ते खरं असावं.

आमच्या मिस्त्रींची पंचाईत खरी. त्यांच्या पाटीवर "सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे" असं आहे आणि ती पाटी त्यांनी खाली उतरवलेली नाही. विजेच्या गाड्या पंक्चरला येतात, ब्रेकला येतात, आरसा तुटला तर येतात. मधे माझ्या गाडीचा पडदा चालता चालता काळा पडून पुन्हा उजळायला लागला तेव्हा मी सवयीनं त्यांच्याकडे गेले. त्यांनी सवयीनं एक्सलेटर पिळला. मोटर निमूटपणे फिरली. त्यांनी मान वाकडी केली, डोळे मिटले, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "ताई, ही काही बोलतच नाही. मी सांगणार काय?" सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर तिथल्या मुलानं लॅपटॉप जोडला, गाडीकडे पाठ केली आणि पाऊण तास लॅपटॉपकडे पाहत बसला. मधूनच तो फोनवर कोणाला तरी "सर, लॉग पाठवलेत" असं सांगे. हातात त्याच्या पाना नव्हता, नखं स्वच्छ होती. शेवटी म्हणाला, "झालं, मॅडम." काय झालं होतं ते त्यालाही कळलं नव्हतं, त्यानं प्रामाणिकपणे तसं सांगितलं म्हणून मी त्याच्यावर चिडू शकले नाही.

गेल्या महिन्यात गाडी विकायला काढली. वैतागून नव्हे, गुडघे कुरकुरतात आणि काही दिवस नाशिकला मुलीकडे राहायचं ठरलंय. पूर्वी छोट्या जाहिरातींत एक ठरलेला मजकूर असायचा, सिंगल हँड, लेडी डॉक्टरांनी वापरलेली. या शहरातल्या लेडी डॉक्टरांनी आयुष्यात किती स्कूटरी वापरल्या असतील याचा कधीतरी हिशोब व्हायला हवा. मी फक्त "महिलेने वापरलेली" एवढंच लिहिलं. पहिल्याच रविवारी एक मुलगा आला, सोबत त्याचे वडील.

मुलानं टायर पाहिले नाहीत की ओरखडे मोजले नाहीत. पडद्यापाशी बसून त्यानं विचारलं, "मॅडम, आवृत्ती कोणती आहे? शेवटचं अपडेट कधी आलं? खातं माझ्या नंबरवर करून मिळेल ना?" हा प्रश्न रास्त होता. आरटीओत नाव बदलायचा रस्ता निदान ठाऊक आहे. गाडीला स्वतःला नवा मालक पटवून द्यायचा म्हणजे पुन्हा त्या गोड आवाजाच्या मुलीला फोन. नाहीतर हा मुलगा कुठेही गाडी आडवी करेल आणि माझी लेक नाशिकहून मला फोन करेल. मुलगा मान खाली घालून पडद्यावर बोटं फिरवत राहिला. वडील मात्र गाडीभोवती एक फेरी मारून आले, चाकाला बुटाचं टोक लावून पाहिलं, हँडल धरून ती जराशी कलती केली, आणि मी पटकन "नको, नको" म्हटल्यावर दचकून सोडून दिली. मग माझ्याजवळ येऊन, मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा. हिला एखादी खोड आहे का?"

"आत्ता तरी नाही," मी म्हटलं. "रात्रीचं काही सांगता येत नाही."